तिचं ‘तू’ आणि सरांचं ‘तू’

ॲपवरचा आमचा समूह हौशी आकाशनिरीक्षकांचा आहे. सदस्य काही हजार, मॉडरेटर पाच. पगार कुणालाच नाही. नोकरी-घर सांभाळून जो वेळ उरतो त्यात हे काम चालतं. त्या पाचांतला मी एक. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी मी एका नव्या सदस्याला समूहातून कायमचं काढलं. निर्णय चुकीचा होता. तो चुकला हे आम्हाला पाचव्या दिवशी कळलं, पण का चुकला हे समजायला तीन आठवडे गेले. दोन्ही बाजूंची परवानगी घेऊन ते इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. ज्येष्ठ सदस्यांना समूहात सगळे ‘सर’ म्हणतात, या प्रकरणातल्या ज्येष्ठ सदस्यांनाही इथे तेच म्हणतो.

शनीची २१ सप्टेंबरची प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि शनी यांच्या मधे येण्याची वेळ, नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे समूहात रोज शनीचे फोटो येत होते. एका रात्री या नव्या सदस्याने एक फोटो टाकला. सोबत एवढंच लिहिलं होतं: “माझा पहिला शनी! दुर्बिणीच्या आयपीसला फोन धरून काढला.” फोटो थोडा हललेला होता, पण कडी छान रुंद, उघडलेली दिसत होती.

शनी बघणाऱ्याला इथे लगेच खटकतं. शनीचा अक्ष साधारण २७ अंश कललेला आहे आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला सुमारे २९ वर्षं लागतात. म्हणून आपल्याला त्याची कडी कधी वरून, कधी खालून दिसतात, आणि एका फेरीत दोनदा अगदी कडेवरून. २३ मार्च २०२५ ला ती अशी कडेवर आली होती. त्यानंतरचे कित्येक महिने छोट्या दुर्बिणीतून ग्रहाच्या मध्यातून गेलेली बारीक रेघ तेवढी दिसत होती. रुंद उघडलेली कडी म्हणजे २०१७ च्या आसपासचा काळ.

सरांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं: हा फोटो या वर्षीचा असूच शकत नाही. का, ते त्यांनी नेमकं समजावून सांगितलं, जसं ते गेली कित्येक वर्षं समजावत आले आहेत. त्याखाली त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं होतं, पण मी तिथे पोचलो तेव्हा ते वाक्य तिथे नव्हतं.

मग दोघांत बाचाबाची झाली. फोटो माझाच आहे, असं ती नवी सदस्य तीनदा म्हणाली. सर तिला प्रश्न विचारत गेले, दुर्बीण कोणती, तुला कडी म्हणजे काय ते तरी माहीत आहे का, वगैरे. शेवटी तिने लिहिलं: “तू कोण मोठा लागून गेलास मला चोर ठरवणारा?” या मेसेजवर तीन जणांनी रिपोर्ट केला.

आमच्या नोंदीत वेळ आहे. रात्री ११:३८ ला मी रिपोर्ट उघडला आणि ११:४२ ला तिला काढलं. या चार मिनिटांत मी रिपोर्ट झालेला मेसेज वाचला, बोटाने दोन-तीन मेसेज वर सरकलो, फोटो मोठा करून पाहिला, कडी मलाही खटकली. नियमांच्या दोन कलमांत प्रकरण बसत होतं: दुसऱ्याचा फोटो स्वतःचा म्हणून टाकणं आणि सदस्याचा अपमान. नोंद केली: “खोटा फोटो. ज्येष्ठ सदस्याशी एकेरीत उद्धट भाषा. कायमची बंदी.” आणि झोपलो. मनात कसलीही शंका नव्हती. सर या फोटोबद्दल चुकलेले नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त फसवलं ते याच खात्रीने.

फोटो या वर्षीचा नाही, हे खरं होतं. फोटो तिचा नाही, हे त्यातून निघत नव्हतं. पहिला शनी कालच पाहिला, असं तिने कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिने तो २०१८ मध्ये पाहिला होता. समूहात सगळे शनीचे फोटो टाकत होते म्हणून तिनेही जुन्या फोनमधून आपला शोधून टाकला. सरांचं खगोलशास्त्र अचूक होतं, त्यावरून त्यांनी तिच्या नीयतीबद्दल काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, आणि पहिल्याच्या वजनावर मी दुसराही स्वीकारला. जाणकार माणसाची तक्रार हाताळताना हे फार सहज होतं. त्याचं म्हणणं निम्मं तपासून पाहता येतं, ते बरोबर निघतं, आणि उरलेलं निम्मं आपण न तपासता मान्य करतो.

आता तिच्या बाजूने पाहू. समूहातून काढलेल्या माणसाला समूहात लिहिता येत नाही. बंदीचं कारण तिला कळवलं गेलं नव्हतं, कारण तशी पद्धतच आमच्याकडे नव्हती. दाद कुठे मागायची, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी एका ओळखीच्या सदस्यामार्फत तिने आमच्यातल्या दुसऱ्या मॉडरेटरना गाठलं. आम्ही त्यांना ताई म्हणतो. तिने फोटोची मूळ फाईल पाठवली, फोटो काढला त्याच रात्रीची चाळीस सेकंदांची व्हिडिओ क्लिप पाठवली, ज्यात शनी आयपीसमधून हळूहळू सरकत बाहेर जाताना दिसतो आणि मागून कुणी तरी “गेला, गेला, परत आण” म्हणताना ऐकू येतं. शिवाय एक प्रश्न विचारला: “सर मला पहिल्यापासून ‘तू’ म्हणत होते. त्याबद्दल कुणी तक्रार केली असती तर तुम्ही त्यांना काढलं असतं का?”

ताईंनी एक गोष्ट फार चांगली केली. त्यांनी मला काही विचारण्याआधी सगळी चर्चा पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत वाचली. मी जे केलं नव्हतं ते. आणि त्यांना मध्येच एका तिसऱ्याच सदस्याचा मेसेज सापडला: “‘चोरीचा माल’ वगैरे शब्द कशाला, सर?” हा मेसेज माझ्याही नजरेखालून गेला होता. पण ‘चोरीचा माल’ हे शब्द वर कुठेच नव्हते, म्हणून मी तो सोडून दिला होता. सरांच्या मेसेजखाली बारीक अक्षरांत ‘संपादित’ असं लिहिलेलं होतं. आम्ही वापरतो त्या ॲपमध्ये बदललेल्या मेसेजचा मूळ मजकूर ॲडमिनना ४८ तास पाहता येतो. त्या रात्री मी एक बटण दाबलं असतं तर ते वाक्य दिसलं असतं. ताईंपर्यंत प्रकरण पोचेतो मुदत संपली होती.

ताईंनी सरांना सरळ विचारलं. सरांनी नाकारलं नाही. म्हणाले, रागाच्या भरात लिहिलं, नंतर बरं दिसेना म्हणून काढलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यात लबाडी नव्हती, शरमच असावी. पण परिणाम काय झाला ते पाहा. ‘दुसऱ्याचा चोरीचा माल आपल्या नावावर खपवू नकोस’ हे वाक्य नाहीसं झालं आणि त्याला दिलेलं उत्तर तेवढं मागे राहिलं. नंतर येणाऱ्याला दिसलं ते असं: एक वडीलधारा माणूस शांतपणे कडी समजावतो आहे आणि एक नवखी मुलगी विनाकारण अंगावर येते आहे. मी ते नंतर येणाऱ्यांतलाच एक होतो. तेव्हापासून आमचा नियम आहे की एकदा कुणी उत्तर दिलं की वरचा मेसेज गुपचूप बदलायचा नाही. चूक वाटली तर खाली लिहायचं: वरचं वाक्य मागे घेतो.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. ताईंनी तो आमच्या पाच जणांच्या गटात जसाच्या तसा टाकला. त्यावर एक दिवस कुणीच काही लिहिलं नाही.

मग मी ती चर्चा पुन्हा वाचायला घेतली आणि मोजलं. सरांनी तिला सात वेळा एकेरीत संबोधलं होतं. तिने सरांना पाच वेळा ‘तुम्ही’ म्हटलं होतं आणि एकदाच, शेवटी, ‘तू’. माझ्या नोंदीत ‘एकेरीत उद्धट भाषा’ हे शब्द तिच्या एका ‘तू’साठी होते. सरांची सात मला दिसलीच नव्हती. दिसून दुर्लक्ष केलं असंही नाही. ती कानाला खटकलीच नाहीत.

का खटकली नाहीत, हे मी बराच विचार करून सांगतो आहे. सर मलाही ‘तू’च म्हणतात. माझ्या दुर्बिणीचे आरसे जुळवायला त्यांनी मला फोनवर दोन तास देऊन शिकवलं, तेव्हा ‘अरे, तो मधला स्क्रू हळू फिरव’ असं ते म्हणाले आणि त्यात मला आपुलकीच वाटली. मराठीत एकेरी म्हणजे अपमान, असं कुठे आहे? आईला आपण एकेरीत हाक मारतो, देवालाही. पण आईशी आपली ओळख असते. तिची सरांशी ओळख नव्हती. ओळख नसलेल्या माणसाने भर समूहात ‘तुला काय माहीत’ म्हणणं हे तिने ऐकलं, आणि मी ऐकली ती माझी जुनी आपुलकी. सरांचा मेसेज मी तिच्या कानांनी वाचला नाही, माझ्या कानांनी वाचला.

सगळ्यांनी सगळ्यांना ‘तुम्ही’च म्हणावं असा नियम करावा का, यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. मी विरोधात होतो. वर्षानुवर्षं एकत्र आकाश पाहिलेल्या लोकांना ‘आपण कृपया’ लावायला सांगितलं तर बोलणंच आखडेल. शेवटी ठरलं ते असं: वाद सुरू झाला की एकेरी कुणी आणि कोणत्या दिशेने सुरू केली ते पाहायचं. वरून खाली येणारं ‘तू’ चालवून घेतलं असेल तर खालून वर गेलेल्या ‘तू’बद्दल शिक्षा नाही.

पण भाषेचा मुद्दा वरवरचा ठरावा असं काही तरी पुढे निघालं. ताईंच्या सांगण्यावरून आम्ही मागच्या सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदी काढून बसलो. सरांच्या नावावर एकही नोंद नव्हती. पाटी कोरी. बंदी घालताना मी ती पाहिली असती तर म्हटलं असतं, इतक्या वर्षांत या माणसाची एक तक्रार नाही. खरं म्हणजे त्या सहा महिन्यांत मी स्वतः त्यांना दोनदा फोन केला होता: “सर, नवीन लोकांशी जरा सांभाळून.” आणखी एका मॉडरेटरने एकदा. ते फोन नोंदीत नव्हते, कारण फोनची नोंद करायची असते हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

मग आम्ही प्रत्येकाने आठवून आठवून आपापले फोन लिहून काढले. ज्यांना आम्ही ओळखत होतो त्यांना फोन गेले होते, खासगी निरोप गेले होते, ‘अरे, जाऊ दे’ झालं होतं. ज्यांना ओळखत नव्हतो त्यांच्यावर बटणं दाबली गेली होती, आणि बटणाची नोंद आपोआप होते. म्हणजे आमच्याकडे दोन न्यायव्यवस्था चालू होत्या, एक ओळखीच्यांसाठी आणि एक अनोळखींसाठी, आणि कागदावर फक्त दुसरी दिसत होती. पाचांपैकी कुणाच्याही मनात पक्षपात नव्हता. प्रत्येक फोन चांगल्या भावनेने केलेला होता. फोनने माणूस समजतो, बंदीने तुटतो, हेही खरंच आहे. अन्याय त्या फोनमध्ये नव्हता, तो फोन नव्या माणसाला कधीच जात नव्हता यात होता.

आता फोन केला तरी एक ओळ लिहायची: कुणाला, कशाबद्दल, किती वाजता. आणि अनोळखी सदस्यालाही पहिल्यांदा शब्दच जातो, बटण नाही.

आमच्यातल्या एकाचा मुद्दा वेगळा होता आणि तो मला आजही मोलाचा वाटतो. तो म्हणाला, सरांनी आजवर शेकडो प्रश्नांची उत्तरं दिली आहेत, लोक त्यांच्यामुळे इथे येतात, आणि कालच आलेल्या माणसाला आणि त्यांना एकाच तराजूत तोलणं हाच अन्याय नाही का? यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. माझं मत असं झालं आहे की माणसाचं आजवरचं काम शिक्षा किती द्यायची हे ठरवताना जरूर मोजावं. काय घडलं हे ठरवताना ते मोजू नये. मी त्या रात्री सरांचं काम दुसऱ्या ठिकाणी मोजलं होतं. ते खरं बोलत असणार, असं धरून चाललो होतो.

या तीन आठवड्यांत मी बरंच वाचलं आणि दोन गोष्टी उपयोगी पडल्या. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात शेतकऱ्यांचं जुनं पाणी-न्यायालय आहे. आठ कालव्यांवरचे निवडून आलेले प्रतिनिधी दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी, सगळ्यांसमोर सोडवतात. तिथला एक नियम असा की ज्या शेतकऱ्याविरुद्ध तक्रार आहे तो नदीच्या एका काठच्या कालव्यावरचा असेल, तर निकाल दुसऱ्या काठच्या प्रतिनिधींनी सुचवायचा. आपल्या काठचा माणूस आपल्याला कसा दिसतो हे त्या शेतकऱ्यांना माहीत होतं. विकिपीडियाच्या प्रचालकांनाही हेच बंधन असतं: ज्या वादात आपण स्वतः गुंतलो आहोत तिथे आपले खास अधिकार वापरायचे नाहीत. मी सरांच्या काठावरचा होतो.

दुसरी गोष्ट एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामातली. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक पाणी, कुरणं, जंगलं लोक स्वतःच कशी सांभाळतात याचा त्यांनी अभ्यास केला आणि टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना काही समान गोष्टी आढळल्या. त्यांतली एक: पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते आणि ती पायरी-पायरीने वाढते. आणखी एक: तंटा मिटवायची जागा जवळची आणि स्वस्त असते. आमच्याकडे पायऱ्याच नव्हत्या. एकदम टोकाची शिक्षा होती, आणि तंटा घेऊन यायला दार नव्हतं.

आमच्यापुढे व्यवहाराची अडचण अशी की पाचही मॉडरेटर सरांना ओळखतात. दुसरा काठ आणायचा कुठून? पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. तूर्त जो सर्वांत कमी ओळखतो तो पाहतो, आणि कायमच्या बंदीला दोघांची संमती लागते. दुसरा नियम रात्रीबद्दलचा आहे. रात्री भडकलेल्या वादात दोन्ही बाजूंना सकाळपर्यंत म्यूट करायचं, त्यापलीकडे काही करायचं नाही. त्या रात्री ११:४२ ला म्यूटने जे थांबलं असतं तेवढंच बंदीने थांबवलं. जास्तीचं जे झालं ते नुसतं नुकसान होतं. आणि रिपोर्टची संख्या आम्ही आता पाहत नाही. तिच्यावर तीन रिपोर्ट होते, सरांच्या वाक्यावर एकही नव्हता, कारण सरांवर रिपोर्ट करायला कुणाचं बोट धजावत नव्हतं.

बंदी उठवणं सोपं होतं. ती कशी उठवायची यावर मी चुकीच्या बाजूला होतो. माझं म्हणणं, गुपचूप परत घ्यावं, तिला खासगीत माफी मागावी, सरांचीही शोभा नको. ताईंनी एकच सांगितलं: तिला चोर सगळ्यांसमोर म्हटलं गेलं, मग ती चोर नाही हेही तिथेच म्हटलं गेलं पाहिजे. मी त्याच चर्चेखाली लिहिलं: “हा फोटो या सदस्याने स्वतः २०१८ मध्ये काढलेला आहे. मी पूर्ण चर्चा न वाचता आणि त्यांना न विचारता बंदी घातली. ती चूक माझी होती. बंदी मागे घेतली आहे. त्यांची माफी मागतो.” पाठवायच्या आधी ताईंनी माझ्या मसुद्यातला ‘गैरसमजातून’ हा शब्द खोडला. गैरसमज झाला नव्हता, मी वाचलं नव्हतं.

सरांना सात दिवस म्यूट केलं. फोन मीच केला, कारण या वेळी निर्णय ताईंचा आणि दुसऱ्या एकाचा होता आणि मी फक्त कळवणार होतो. कारण सांगितलं, मुदत सांगितली, दाद कुठे मागायची तेही सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कडी मी बरोबर ओळखली होती.”

“हो सर, बरोबर ओळखली होती,” मी म्हणालो. फोन त्यांनी ठेवला.

ती परत आली, पण लिहीत नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा उत्तर आलं: “वाचते. लिहायचं सध्या मनात नाही.” त्यानंतर मी विचारणं थांबवलं.

सर आठव्या दिवशी परतले. त्याच संध्याकाळी एका नव्या मुलाने विचारलं होतं की माझ्या दुर्बिणीतून शनीला कडीच का दिसत नाहीत. सरांनी नेहमीसारखं सविस्तर उत्तर लिहिलं, २३ मार्चची तारीख देऊन. खाली ‘संपादित’ असं दिसत होतं. मी मूळ मजकूर उघडून पाहिला. फरक एकाच शब्दाचा होता: ‘तुझ्या दुर्बिणीत काही दोष नाही’ याचं त्यांनी ‘तुमच्या’ केलं होतं.